काडी आणि पालवी

"धाकटीनं काडी रोवली तरी पालवी फुटते. थोरलीनं रोप लावलं तरी काडी होते."

सासूबाई असं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. त्यांना जाऊन वर्षं लोटली, पण तो आवाज थोरलीच्या कानातून गेला नव्हता. आत्ता, सार्वजनिक बागेच्या रोपघरात एकटीच उभी असताना, तो पुन्हा उमटला. समोरच्या फळीवर दोन कुंड्या शेजारी शेजारी होत्या. दोघी जावांचं आडनाव एकच, म्हणून कुंड्यांतल्या लाकडी पट्ट्यांवर धाकटीनं गमतीनं 'थोरली' आणि 'धाकटी' एवढंच लिहिलं होतं. धाकटीच्या काडीला पोपटी पालवी आली होती. थोरलीची काडी काडीच होती.

दोन्ही काड्या सासूबाईंच्या मोगऱ्याच्या. मागच्या अंगणात नवा पाण्याचा पाइप टाकताना तो मोगरा मुळासकट निघाला. खणणाऱ्यांच्या पायाखालून दोघींनी एकेक फांदी उचलली. तेवढीच काय ती त्याची खूण उरली. दोघींच्या घरांची दारं त्याच अंगणात उघडत. कमी पाण्यात अंगण हिरवं कसं ठेवायचं, ते शिकायला दोघी दर रविवारी बागेतल्या या वर्गाला येत. आणि जिची काडी जगेल तिच्या दारात मोगरा, असं दोघींनी हसतहसत ठरवून टाकलं होतं.

वर्गातही धाकटीच पुढे. शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "अंगणातली हिरवळ काढून टाका. नुसती पाणी पिते, देत काही नाही."

"असा एक आमच्या घरी पण आहे," धाकटी म्हणाली, "पण त्याला काढता येत नाही."

सगळा वर्ग हसला. तो विनोद मूळचा थोरलीचा होता, भांडी पुसतापुसता धाकटीच्या कानात सांगितलेला. वाफ्यावर पालापाचोळा पसरताना धाकटीच्या गालाला माती लागली तर तीही तिला शोभून दिसे. थोरलीच्या ती नुसती नखांत जाई.

बाहेर धाकटीचं बोलणं ऐकू येत होतं. दाराशी कुणी ओळखीचं भेटलं होतं. तिला कुठेही कुणीतरी भेटेच.

पट्ट्या उपटून इकडची तिकडे खोचायला एक श्वास पुरला. थोरलीनं बोटं रुमालाला पुसली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

वर्ग भरला. आज शेवटचा रविवार, कुंड्या घरी न्यायचा. धाकटी फळीपुढे जरा जास्तच वेळ थांबली. तिनं पट्टी पाहिली, काडी पाहिली. मग थोरलीकडे पाहिलं.

"माझी पानं गळली वाटतं, ताई."

"दृष्ट लागली असेल," थोरली म्हणाली.

धाकटी रागावली नाही. वाद घातला नाही. बोडक्या काडीची कुंडी तिनं जपून उचलली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिचं ते शांत राहणंही थोरलीला सललं. आपण चोरी केली तरी मोठेपण धाकटीच्याच पदरात पडलं होतं.

"घरी नेण्याआधी मुळं बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी थोरलीनं आणून ठेवलेली पालवीची कुंडी तळहातावर उपडी केली. माती भुसभुसत बोटांमधून सांडली. काडीचं खालचं टोक काळं पडलं होतं, कुजलं होतं. मूळ नावालाही नव्हतं.

"काडीच्या अंगात थोडा रस उरलेला असतो, त्यावर अशी पालवी फुटते. तिला भुलू नका. ही आता मान टाकेल." पट्टी वाचून त्या थोरलीकडे वळल्या. "वाईट वाटून घेऊ नका हं."

मग त्यांनी दुसरी कुंडी उपडी केली. माती सांडली नाही. आख्खा गोळा बाहेर आला आणि त्यातून दुधाच्या दातांसारखी इवली पांढरी मुळं डोकावली.

"आणि ही बघा. वर काही दाखवलं नाही, आधी खाली पाय रोवले. आता हिला कुणी हलवू शकत नाही." त्यांनी पट्टी वाचली. "धाकटी. हाताला गुण आहे हो तुमच्या."

टाळ्या वाजल्या. थोरली त्या मुळांकडे बघत राहिली. तिच्या हातून आजवर जगलेलं हे पहिलंच रोप. बोलावं तर चारचौघांत तोंड काळं. गप्प बसावं तर मोगरा जातो.

धाकटीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. थोरलीचा उडालेला रंग तिनं पाहिला आणि शब्द गिळला.

"हो, माझीच," ती बाईंना म्हणाली. मग थोरलीजवळ सरकून हलकेच म्हणाली, "ताई, आपण दोन्ही दारांच्या मधोमध लावू. तुमचाही तेवढाच."

मत्सर थोरलीनं इतकी वर्षं सोसला होता. ही दया तिला सोसेना. आजवर जे जे धाकटीचं, ते ते तिला हवं वाटलं होतं. आज पहिल्यांदा तिला आपलं स्वतःचं हवं झालं.

ती टेबलाशी गेली. बाईंच्या हातातला मातीचा गोळा तिनं आपल्या ओंजळीत घेतला. तो ओला होता, गार होता, आणि वाटला होता त्याहून जड होता.

"पट्ट्या मी बदलल्या," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ही काडी माझी आहे."