फुंकणीतले आकडे

"सासूबाई काय म्हणतात ते राहू दे. तुझ्या छातीत काय होतं ते सांग," नलिनी डॉक्टरीण म्हणाली.

"दुपारी गच्चीवर बसलं की खोकला सुटतो," क्षमा खाली बघून म्हणाली.

"आणि माहेरचं नाव काढलं की थांबतो," शेवंतीबाईंनी मधेच टाकलं.

सत्त्याऐंशीचा एप्रिल. डॉक्टरीण मुलुंडच्या चाळींतून लोकांच्या छात्या तपासत फिरत होती. तिनं क्षमाला प्लास्टिकची फुंकणी दिली. सकाळी आठला आणि दुपारी तीनला जोर लावून फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. पंधरा दिवस.

"आकडे कमी आले तर हिला महिनाभर गावी पाठवा."

शेवंतीबाई बोटांवर दिवस मोजू लागल्या. लग्नघरच्या दोन हजार पापडांचा शब्द दिला होता. शेवंतीबाईंनी दिलेला शब्द आजवर खाली पडला नव्हता.

"दुसरीपर्यंत शिकलेय, पण आकडे येतात मला," म्हणत त्यांनी फुंकणी फळीवर ठेवली. "वही मी बघते."

सकाळी आठला नळ यायचा. क्षमा हंडा घेऊन रांगेत, शेवंतीबाई घरात फळीपाशी. दुपारी दोघी गच्चीवर पापड राखायच्या. तीनला शेवंतीबाई चहा टाकायला तळमजल्यावरच्या खोलीत उतरायच्या आणि तिथूनच गच्चीवर हाक मारायच्या, "कावळे हाकतेस ना गं?" अख्खी चाळ ऐकायची; आपल्या दमावर त्यांचा भारी भरवसा होता.

वहीत एक दिवस चुकला नाही.

सोळाव्या दिवशी त्या एकट्याच वही घेऊन गेल्या. डॉक्टरीण पानं उलटत राहिली.

"चोवीस वर्षांची ना सून? धुरानं छाती साठीची झालीय. आणि दुपारी बघा, रोज आणखी खाली."

"दुपारी कुठला धूर, बाई? आभाळ लख्ख असतं."

"लख्ख असतं तेव्हाच. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर उन्हात शिजतो, त्याचा ओझोन वायू होतो. दिसत नाही, पण छाती आवळतो. ऐन त्या वेळेला तुम्ही पोरीला गच्चीवर बसवता?"

शेवंतीबाईंची मान कुणापुढे वाकली नव्हती. तिथं वाकली.

"बसवते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी मुलाला, जयवंतला, एवढंच सांगितलं, "हिला वेंगुर्ल्याला माहेरी सोडून ये. माझं चुकलं."

निघताना क्षमा उंबऱ्यात घोटाळली. "आई, तुम्हीपण चला ना."

"आणि पापड कोण राखणार, कावळे? नीघ."

दुपारी परात कडेवर घेऊन त्या जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, तिसऱ्यावर बसल्याच. गच्चीवर क्षमाचं गोणपाट तसंच पसरलेलं होतं. पोरगी खोकत होती तेव्हा आपण तिला ढोंगी म्हटलं, हे आठवून त्यांना त्या गोणपाटाकडे बघवेना.

वर ऊन लख्ख होतं. वहीतले तीस फुंकांचे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

क्षमानं त्या फुंकणीला एकदाही तोंड लावलं नव्हतं.