पोचल्याचा सांगावा

"माझं माणूस वाटेला, केर राहू दे घरात,
येऊ दे गं सांगावा, मग केरसुणी हातात."

बाबांची इंदूरची बस सुटली की आई ही ओवी गुणगुणायची. बस क्षिप्रेचा पूल ओलांडून गेली असेल असा अंदाज आला, की मगच घर झाडायची. बाबा हसायचे. कारखान्यातला इंजिनिअर माणूस. "केराचा आणि बसच्या इंजिनाचा काय संबंध गं?" आई ओवी पुढं म्हणत राहायची.

दुकानदार उमाशंकरनं काउंटरवरचे तांब्याच्या तारांचे तुकडे ब्रशनं लोटले, आणि वल्लरीला आईचा तो आवाज आठवला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोर दोन आल्टरनेटर होते. एक नारळाएवढा, एक कलिंगडाएवढा.

"काकासाब, सच्ची बोलो," उमाशंकर म्हणाला, "देवास में नाव? यहाँ तो तालाब भी गर्मी में सूख जाता है."

"नाव गोव्याला आहे," तिचे बाबा, चिंतामणी म्हणाले. "बड़ा वाला इधर लाओ."

नाव वल्लरीची. शिडाची, जुनी, एकटीनं हाकायची. वारा पडला की छोटं डिझेल इंजिन चालवायचं, आणि त्याच्याच पट्ट्यावर आल्टरनेटर फिरून बॅटऱ्या भरायच्या. जुना आल्टरनेटर जळला होता. येत्या आठवड्यात ती लक्षद्वीपला निघणार होती. देवासला ती नव्या आल्टरनेटरच्या निमित्तानं आली होती. खरं म्हणजे बाबांना सांगायला आली होती, की यापुढे मी गोव्यालाच राहीन, इकडे येणं होणार नाही. ते अजून ओठांवर येत नव्हतं.

"लहानच घेऊ, बाबा. हा मोठा माझ्या इंजिनाचा निम्मा जोर खाईल. पट्टा घसरेल."

"रुंद पट्टा लावू. पुली बदलू."

"तापेल."

"तापला की आपोआप भार कमी करणारा रेग्युलेटर मिळतो. तो बसवू."

"वर सोलर आहे की."

"आणि चार दिवस आभाळ भरलेलं असलं तर?"

"काकासाब, ये तो पूरी बारात की लाइट चला देगा," उमाशंकर हसला.

"चलने दो, भिया." चिंतामणी हसले नाहीत.

वल्लरी चिडली. "कुणासाठी एवढी वीज? दिवा, रेडिओ, सॅटेलाइटचा फोन, बस. मागल्या खेपेला सगळं बंद पडलं, तरी कोचीला पोचलेच ना मी?"

चिंतामणी मोठ्याची पुली बोटानं फिरवत राहिले.

मागल्या खेपेला बॅटऱ्या भर समुद्रात संपल्या होत्या. फोन मुका झाला, मग खाऱ्या पाण्यात गेला. कोचीला उतरल्यावर कुणाचाही फोन मागता आला असता. तिनं मागितला नाही. निघताना बाबा नुसतं "बरं" म्हणाले होते. त्यांना काय कळवायचं? तशीच गाडीत बसून ती देवासला आली. भर तिन्हीसांजेची वेळ. बाबा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलेले. दाढी वाढलेली. "आलीस? बरं," म्हणाले, उठून आत गेले, आणि केरसुणी घेऊन झाडू लागले. लेक दारात, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरलेली नाही, दिवेलागणीला केर काढू नये हेही या माणसाला कळत नाही! फरशीवर बोटभर धूळ. कोपऱ्यांत जाळी. ओट्याखाली कांद्याची वाळलेली सालं.

"काय दशा केलीत घराची," ती म्हणाली होती. "आई असती तर रडली असती."

बाबांनी मान वर केली नव्हती. झाडत राहिले होते. हे घर आता आपलं नाही, असं तिनं त्या संध्याकाळी मनाशी धरलं.

बाहेर टेकडीवरच्या देवळाकडं ढग उतरले होते. दुकानात दिवसाच अंधारल्यासारखं झालं.

"बाबा," ती एका दमात म्हणाली, "मी यानंतर इकडे येणार नाही. गोव्यालाच राहणार."

चिंतामणींचं बोट पुलीवर थांबलं.

"बरं," ते म्हणाले.

उमाशंकर उगाच मागच्या फळीवर काही शोधू लागला. वल्लरीनं लहान आल्टरनेटर पुढं ओढला. तेव्हा त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको येऊस. पण मोठा घे. तेवढा फोन चालू राहू दे, पोरी. मागल्या खेपेला तो बंद पडला ना, त्या दिवसापासून तू दारात दिसेपर्यंत मी केरसुणीला हात लावला नव्हता."