बोलता नकाशा

"हळू चालवा जी, समोर गड्डा आहे!" मागे बसलेल्या बायकोच्या या आवाजावर गुलाबरावांची स्कूटर तीस वर्षं चालली. ती गेली आणि हँडलवर मोबाइल आला. चौबे कॉलोनीतून पलीकडच्या भाजीवाल्याकडे जायचं, तरी त्यांना बोलता नकाशा लागे.

मागे बसलेली नात रीना हसली, "आबा, चालीस साल से यहीं रहते हो, फिर भी मैप?"

"रस्ता मले पाठ आहे, पोरी. पण ही बाई माह्यासंग मराठीत बोलते. घरी तर तुम्ही सारे हिंदीच बोलून राहिले."

रीनाने हात पुढे करून नकाशा बंद केला.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "आबा, डावीकडे घ्या. अन् हळू जी, समोर गड्डा आहे!"