कमरेचं माप

बायको दुकानाची पायरी चढताना दिसली. हातातली पॅंट टेलरने घाईघाईत कपड्यांच्या गठ्ठ्याखाली कोंबली. त्याचीच होती. दोनदा उसवून सैल केलेली, आता सोडायला आत कापडच उरलं नव्हतं.

तिने आपला ड्रेस टेबलावर टाकला. ढगळ होतोय म्हणाली, माप घ्या.

भर दुपार, दुकानात चिटपाखरू नाही. बहाणा करायचा तरी कुणाच्या नावाने? कित्येक महिने तो तिच्याकडे पाठ करून झोपत होता. आधी दिवा बंद, मगच शर्ट काढायचा. कधी डोकं दुखायचं, कधी कंबर. खरं काय ते एका डॉक्टरलाच ठाऊक होतं. जिना चढला तरी धाप लागते, आणि तिच्याजवळ गेलं की अंग साथ देत नाही. वजन उतरलं तर हेही बरंच सुधारेल, पण बायकोपासून लपवू नका, असं डॉक्टर म्हणाला होता. तिथेच तर गाडं अडलं होतं. ती हसली तर? आणि हसली नाही, नुसती कीव केली तर?

त्याने तिच्या कमरेभोवती टेप फिरवला. आकडा बघून पुन्हा मोजलं. हाताला फासळ्या लागल्या.

"अगं, हे काय? बरं नाही का तुला?"

"रात्रीचं जेवत नाही मी. आधी वाटलं, बाहेर कुणी असेल. पण तुम्ही तर चहालाही कुठे जात नाही. मग म्हटलं, मीच जाड झालेय. नको वाटत असेन."

तो शिलाई मशीनकडे बघत राहिला.

"तू नाही गं. मला... मलाच जमत नाही आता. डॉक्टरकडे जाऊन आलो."

ती हसली नाही. गठ्ठ्याखालून लोंबणारा पॅंटचा पाय तिने ओढला, उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या हातातला टेप घेतला. पाठीमागून फिरवून आणताना तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती आले. त्याने सवयीने पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," ती त्याच्या खांद्याशी म्हणाली. "पोट आत ओढलं की माप चुकतं. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना."

टेप धरून ती तशीच थांबली.