विषाणूबाई

“लस टोचायची नाही म्हणजे नाही. विषय संपला,” असं म्हणून दादानं टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या बहिणीनं पुढं होऊन टीव्ही बंदच केला.

या घरात तिला विषाणूबाई म्हणत. नाव दादानंच ठेवलेलं. गाठी उठवणाऱ्या विषाणूंच्या मागं लागण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्यातच लग्नाचं वयही निघून गेलं होतं, आणि घरच्यांच्या मते हीच खरी गंभीर बाब होती. विषाणूमुळं कर्करोग होतो हे सुरुवातीला तिच्या संस्थेतही कुणी मनावर घेत नव्हतं. कोंबड्यांना होत असेल, माणसांचं काय ते बोला, असं म्हणून एका बड्या प्राध्यापकांनी भर सभेत तिची टर उडवली होती. तिनं तिथंच उभं राहून त्यांची चूक त्यांच्या पदरात घातली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग करणारा विषाणू पेशीत शिरून तिच्या वाढीला आवर घालणारे राखणदार कसे लुळे पाडतो आणि मग ती पेशी कशी मोकाट वाढत सुटते, हे पुढं तिनं प्रयोग करकरून दाखवलं. आता त्या विषाणूवर लस निघाली होती. आणि आज शाळेत ती टोचताना तिच्याच सख्ख्या भाचीला रांगेतून बाहेर काढलं होतं, कारण घरून नकार कळवलेला होता.

म्हणून ती प्रयोगशाळेतून तडक इथं आली होती. ओळखीचे डॉक्टर लस काढून दवाखान्यात थांबले होते. दादानं हो म्हणायचाच काय तो अवकाश होता.

पण दादा हो म्हणणार कसा? नकार मुळात बाबांचा होता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसले होते. ते एकदा बोलले की या घरात पुन्हा कुणी तोंड उघडत नसे. भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारी विषाणूबाईसुद्धा इथं आली की मान खाली घालून बसे.

वहिनी काही वाईट नव्हती. पोरीवर तिचा जीव होता, म्हणूनच ती घाबरली होती. हा विषाणू शरीरसंबंधातून कसा लागतो ते शाळेतल्या इतर आयांनी तिला रंगवून सांगितलं होतं. तिच्या थोरल्या मुलाला लसीसाठी कुणी विचारलं नाही, मुलीलाच बोलावलं, मग लोक त्याचा काय अर्थ काढतील, असं ती दबक्या आवाजात विचारत होती. शेवटी मनातलं बोललीच.

“वन्सं, राग मानू नका. पण हा रोग कसल्या बायकांना होतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमची मुलगी तसल्यातली नाही.”

दारात उभी असलेली भाची खाली बघायला लागली. ते पाहून विषाणूबाईला आई आठवली. शेवटच्या महिन्यांत आई अशीच नजर खाली करून पलंगावर पडलेली असायची. आईला पोटाचं दुखणं आहे असं सगळीकडं सांगितलं होतं. भेटायला आलेल्या बायका बाहेर जाऊन कुजबुजायच्या, आणि आईला ते ऐकू यायचं. माझं काय चुकलं गं, असं ती लेकीला विचारायची. लेक तेव्हा कॉलेजात होती.

उत्तर मिळालं ते फार उशिरा, तिच्याच कामाच्या टेबलावर. आईच्या गाठीचा तुकडा इस्पितळानं मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवला होता. तो तिनं रीतसर मागून आणला, त्याचे काप काढले आणि त्यात विषाणू शोधला. सापडला. त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार आतून लावून ती पोटभर रडली. मग गप्प बसली. हा विषाणू आपल्या पायांनी चालत घरात येत नाही, माणसाकडून माणसाला जातो. आणि आईच्या आयुष्यात पुरुष एकच होता.

आज मात्र गप्प बसणं तिला जमेना.

“आईला तोच झाला होता,” ती म्हणाली. “तिची गाठ मी स्वतः तपासली आहे. आता सांगा वहिनी, आमची आई कसल्या बायकांतली होती?”

वहिनीनं तोंडावर हात धरला. दादा ताडकन उठला. मेलेल्या आईवर शिंतोडे उडवायला लाज वाटत नाही का, एवढं शिकून हेच दिवे लावलेस का, असं तो वाट्टेल ते बोलत सुटला. जन्मात तो बहिणीवर इतका ओरडला नव्हता. आधी बाबांची माफी माग, म्हणाला.

विषाणूबाई बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. या वेळी तिची मान वर होती.

“माफी मागणार नाही, बाबा. आई कधी कुठं गेली नाही. माझं काय चुकलं, हेच विचारत गेली ती. हा विषाणू घरात कुणी आणला, ते तुम्ही सांगता की मी सांगू?”

दादा बाबांकडं बघत राहिला. बाबांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून मोडून पुन्हा घातली. समोर नात उभी होती, तिच्याकडं त्यांना बघवलं नाही.

“पोरीला घेऊन जा,” ते म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “पोरालाही ने. आधी त्याला टोचा.”