गलमिशा

"गोड लागायलंय का?" कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर विनीता मॅडमनी विचारलं.

धनराजच्या तोंडावर धुळीचा मास्क होता आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत प्लॅस्टिकची पारदर्शक टोपी. टोपीच्या भोकातून मॅडम गोड पाण्याचा फवारा मारत होत्या. मास्क चेहऱ्याला नीट बसला असेल तर आतल्या माणसाला चव कळत नाही. धनराजची जीभ गोड झाली होती. त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

मॅडमनी टोपी काढली आणि मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं. मास्कचं रबर कातडीवर टेकलंच नव्हतं. ते त्याच्या गलमिशांवर टेकलं होतं.

"खोटं कशाला सांगता, धनराज? पाणी जिथून गेलं तिथूनच धूळ जाणार. हे गालावरचं काढावं लागेल."

"अप्पा हायत माझे," धनराज म्हणाला.

मॅडम इकडच्याच, कलबुर्गीच्या. बाप जिवंत असताना मुलाच्या मिशीला वस्तरा लागत नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "सोमवारी परत बघू. तोवर गिरणीत पाय ठेवायचा नाही. गेटवर बसा."

कारखाना मन्नाएखेळ्ळीच्या पुढं, हायवेला लागून. तिथं गारगोटी दळून तिचं पीठ करतात. धनराज घरी काही बोलला नाही. पण त्याच्याच पाळीतला सिद्धप्पा संध्याकाळी त्याच्या बापाला, राघोबाला भेटायला आला आणि सगळं सांगून बसला.

राघोबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेला असे. आडवं झालं की त्याला दम लागायचा. त्यानंही वीस वर्षं अशाच एका गिरणीत गारगोटी दळली होती, तोंडाला रुमाल बांधून. ती गिरणी कधीच बंद पडली. त्याला आता अठ्ठेचाळिसावं सरत होतं. दवाखान्यातली नवी नर्स त्याला आजोबा म्हणायची.

सिद्धप्पा गेल्यावर राघोबा म्हणाला, "मास्क आण तुझा."

धनराजनं झाकणाचा डबा आणला. त्याची बायको विजयश्री रोज मास्कचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवायची, मग डब्यात ठेवायची. राघोबानं फिल्टर काढून मागितला. नवा असताना तो गुलाबी होता. आता पांढराफटक पडला होता.

"किती दिसाचा?"

"आठ दिस झाले. उद्या बदलायचा हाय."

राघोबानं फिल्टरवरून बोट ओढलं आणि उजेडाकडं धरलं. बोटावर पीठ चमकत होतं.

"वस्तरा आण," तो म्हणाला.

"कामून असं बोलायलाव, अप्पा? तुमी असताना..."

शकुबाई चुलीपासून उठून आली. "असलं अभद्र ह्या घरात व्हायचं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

राघोबाला एका दमात वाक्य पुरं करता येत नसे. "मी गेल्यावर... काढणारच हाय की त्यो," तो म्हणाला. "तवर धूळ... थांबून ऱ्हाती व्हय?"

विजयश्रीनं आतून वाटीत पाणी आणलं.

धनराज खाटेशी गुडघे टेकून बसला. बापानं त्याची हनुवटी धरली. दोन-चारदा वस्तरा फिरवला की तो थांबून श्वास घेई. डावीकडची मिशी जरा जास्त गेली. ती सारखी करायला गेला तर उजवीकडची गेली. शेवटी त्यानं ओठावरचंही सगळं काढून टाकलं. शकुबाई पाठ करून भिंतीकडं बघत बसली होती.

"ल्हान असताना असाच दिसायचास," राघोबा म्हणाला.

सोमवारी धनराजला मास्क बसला. पण त्याआधी सकाळी फाट्यावर बस धरताना शेजारच्या नागव्वानं त्याचं तोंड पाहिलं होतं. तिनं त्याला काही विचारलं नाही. हातातली घागर तिथंच ठेवून ती रडत राघोबाच्या अंगणात शिरली. राघोबा खाटेवर चहा पीत होता. नागव्वा दारातच थिजली.

"बस, नागव्वा," राघोबा म्हणाला. "चहा घे."

पुढं आठवडाभर असं कुणी ना कुणी येत राहिलं. कुणी नुसतं डोकावून जाई, कुणी हसून वेळ मारून नेई. मग गावाला सवय झाली. धनराज रोज पहाटे आरशासमोर बसून दाढी करी आणि डबा पिशवीत टाकून निघे. खाटेवरून राघोबा त्याच्याकडं बघत असे.

तुरी काढायच्या दिवसांत राघोबाला बिदरच्या दवाखान्यात हलवलं. शकुबाई आणि धनराज त्याच्याजवळ राहिले. पाचव्या दिवशी सकाळी, ऑक्सिजन चालू असतानाच, राघोबा गेला.

कागदपत्रांना आणि गाडीला वेळ लागणार होता. शकुबाईचा भाऊ तिच्याजवळ थांबला. फोनवर विजयश्रीला सांगायला धनराजची जीभ उचलेना. तिला सांगायला आणि पुढची तयारी करायला तो एकटाच बसनं निघाला.

फाट्यावर उतरला तेव्हा नागव्वा तुरीच्या काटक्यांचा भारा टेकवून दम खात उभी होती. तिनं मान वर करून त्याच्या बिनमिशीच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"आलास का?" ती म्हणाली. "अप्पा जेवला का रे आज?"