पांढरी माती

काटा हलायचा थांबला.

कंट्रोल रूममधल्या पॅनेलवाल्याने आधी काचेवर टिचकी मारली, मग मुठीने ठोकलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काटा ढिम्म. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात स्थिर काटा दिसला की माणूस निवांत खुर्चीला टेकतो. इथे सगळं उलटं. खिडकीबाहेरच्या उंच भट्टीत तापलेली वाळू खालून येणाऱ्या हवेवर आधणासारखी उकळत असायची. तिच्यात कोळसा आणि पेंढा पडला की त्यांचा वायू व्हायचा, आणि पुढे त्या वायूचं तेल. वाळू उड्या मारते आहे तोवर आतला दाब दाखवणारा हा काटा थरथरतो. काटा थांबला म्हणजे वाळू बसली.

त्याने भरणा, म्हणजे भट्टीत पडणारा कोळसा आणि पेंढा, थांबवला आणि मॅडमना हाक मारली. भट्टी त्यांच्या देखरेखीखाली होती, आणि आज पहिल्यांदाच कोळशापेक्षा पेंढा जास्त घालायचा हट्टही त्यांचाच. त्या आल्या, त्यांनी काटा पाहिला, तापमान पाहिलं. भट्टीतलं वरचं आणि खालचं तापमान अजून सारखंच होतं. पण वाळू बसल्यावर त्यात फरक पडायला थोडा वेळ लागतोच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माती पडली होती ना?" मॅडमनी विचारलं.

पेंढ्याची राख भलती चिकट. ती वितळली की वाळूचे कण एकमेकांना धरून बसतात आणि बघता बघता भट्टीत काचेचं एकच ढेकूळ तयार होतं. मग पहारी घ्या आणि फोडत बसा. तसं होऊ नये म्हणून भरण्यात पांढरी माती मिसळायची. पॅनेलवाल्याने फोनवर 'माती' म्हणायचं आणि पेंढ्याच्या शेडवरच्या माणसाने ती टाकून 'पडली' म्हणायचं, अशी रीत होती. आज पॅनेलवाल्याने फोन उचललाच नव्हता. शेडवर होता त्याचा धाकटा साडू, आणि गेला महिनाभर दोघांमधून विस्तव जात नव्हता. भांडणाचं कारण इतकं फुटकळ, की ते सांगताना त्यांच्या बायकांना, त्या दोघी सख्ख्या बहिणींना, हसू यायचं. सकाळी फोनवर हात ठेवून त्याने मनाशी म्हटलं होतं, रोजचं काम आहे, त्याला कळत नाही का? मीच कशाला आधी बोलू?

"विचारून येतो," एवढंच त्याला म्हणता आलं.

"वाळू बसली असेल तर पेंढा कायमचा गेला समजा," मॅडम म्हणाल्या. "वरचे लोक मला पुन्हा संधी द्यायचे नाहीत. परत नुसता कोळसा."

पेंढा गेला म्हणजे शेड गेली. शेड गेली म्हणजे धाकट्याची नोकरी गेली. पॅनेलवाला आवारातून धावत सुटला. शेडला फोन लावता येतो हेसुद्धा त्याला सुचलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं धावणं ते, पोट पुढे आणि पाय मागे. आपल्या ताठ्यापायी आपण मेहुणीच्या घरची चूल विझवली, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

धाकटा पेंढा भट्टीकडे नेणाऱ्या, आता थांबलेल्या पट्ट्यापाशी उभा होता. धापा टाकत येणारा साडू पाहून त्याचाही चेहरा उतरला.

"माती टाकलीस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

पॅनेलवाला तिथल्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"म्हणून दोनदा टाकली," धाकटा दुसरीकडे बघत म्हणाला. "एकदा नेहमीची. मग म्हटलं, डोक्यात राग घालून बसलेला माणूस, आज पेंढा जास्त आहे हे तरी याच्या ध्यानात असेल का? म्हणून वर आणखी एकदा."

पॅनेलवाला त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला रागवावं की मिठी मारावी, हे त्याला कळेना. दुप्पट माती. तीही पिठासारखी बारीक. भट्टीतून काट्याकडे येणारी नळी केवढी, तर करंगळीएवढी.

"नळी तुंबली असेल," तो म्हणाला.

धाकट्याने तोवर हवेचा पाइप खांद्यावर टाकलाही होता.

ती नळी साफ करायला दोन माणसं लागतात. एकाने भट्टीवर चढून हवा मारायची, दुसऱ्याने खोलीत काट्यावर नजर ठेवायची. पंख्यांच्या घरघरीत उघड्या खिडकीतून ओरडून बोलावं लागतं, त्याला इलाज नाही. पॅनेलवाला काट्यासमोर येऊन उभा राहिला.

"हलला?" वरून आवाज आला.

"नाही."

"आता?"

"नाही. जोरात मार."

वर फस्सकन हवा सुटली. नळीच्या मोकळ्या तोंडातून पांढरी भुकटी उडाली आणि खिडकीच्या काचेवर येऊन बसली. मग धाकट्याने तोटी फिरवून नळी पुन्हा भट्टीला जोडली. काट्याला एक झटका बसला. तो थांबला. आणि मग थरथरायला लागला, तो थरथरतच राहिला. वाळू बसलीच नव्हती. इतका वेळ ती मजेत उकळत होती.

मॅडमनी मोठा श्वास सोडला आणि भरण्याचं बटण दाबलं. बाहेर पट्टा सुरू झाला, पेंढा सरकू लागला. पॅनेलवाल्याचा जीव भांड्यात पडला. शेड राहिली, नोकरी राहिली, आणि आज घरी जाऊन बायकोला तोंड दाखवता येणार होतं.

"हलला का?" वरून पुन्हा विचारणा झाली.

उत्तर द्यायला तो खिडकीकडे वळला.

"अहो दादा, हलला का?"

दादा. महिन्याभरात हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. तो खिडकीची चौकट धरून उभा राहिला.

"सांगा की त्याला," मॅडम म्हणाल्या. "तिकडे त्याचा जीव टांगणीला लागलाय."

"सांगतो," पॅनेलवाला डोळे पुसत म्हणाला. "अजून एकदा विचारू दे."